सदरा अडकवायची फांदी

अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्याएवढा हट्टी माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा इवाई निघाला. इवाई म्हणजे व्याही, माझ्या थोरल्या सुनेचा बाप. मी चौथीपर्यंत शिकलेला, त्यातलं शेवटचं वर्ष शाळेपेक्षा उसातच जास्त गेलं. तेव्हा लिहिताना एखादा शब्द इकडचा तिकडं झाला तर सांभाळून घ्या. पण लिहीन ते खरं लिहीन. कुणाबद्दल उगाच बरं बोलायची मला सवय नाही. सख्ख्या भावाबद्दलसुद्धा मी आजवर चार शब्द चांगले बोललेलो नाही. असा मी या माणसावर लिहायला बसलोय, यातच काय ते समजा.

पहिल्यांदा ते आमच्याकडं आले ते मुलीसाठी स्थळ बघायला. आमचं गाव श्रीगोंद्याच्या बाजूला, पाटपाण्याखालचं. मी त्यांना ऊस दाखवला, विहीर दाखवली, गोठा दाखवला. माणूस नुसता मान हलवतोय. मुलाला पगार किती, शेत किती, यातलं काही विचारीना. शेवटी ओसरीवर बसले, सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि बोरं काढून माझ्या मुलापुढं मांडली. एक लांबट, एक गोल, एक सुरकुतलेलं, एक लालभडक. "खावा, आन कोणतं कसं लागतंय ते सांगा." मुलगा लाजाळू. त्यानं एकेक खाल्लं आणि खाली बघत म्हणाला, "सगळी चांगली आहेत." मग इवाई माझ्याकडं वळून म्हणाले, "पोराला चव न्हाई. पन सोशिक हाय. पोरगी रांधंल ते मुकाट खाईल. आमची पसंती." माझ्याच ओसरीवर बसून माझ्या मुलाला चव नाही म्हणणारा माणूस. मी उठलोच होतो, पण बायकोनं मागून धोतर धरलं. जाताना ते उसाच्या फडापाशी थांबले आणि सुपारी फुटायच्या आधीच मला इवाई म्हणून मोकळे झाले. "लई कंटाळवानं पीक हो, इवाई. एक कांडं चाखलं की समदा फड चाखला."

त्यांच्या या बोलण्यामागं एक झाड होतं, ते मला लग्नानंतर कळलं. त्यांचं गाव पारनेर तालुक्यात, माळावर, जिथं ढग येतात, बघतात आणि पुढं जातात. घरामागं बोरीचं एक झाड. खोड रानबोरीचं, कुणी न लावता उगवलेलं. पण छातीएवढ्या उंचीपासून वर बघितलं तर हरेक फांदी निराळी. एकीचं पान गोल, एकीचं निमुळतं; एकीच्या पानाला मागून पांढरी लव, एकीचं पान गुळगुळीत. काट्यांचंही तसंच. एकीचे काटे सरळ टोचायचे, एकीचे आकड्यासारखे वाकडे, कपडा धरला की सोडायचे नाहीत, आणि एका फांदीला तर काटे नावालाच. एक दिवाळीला पिकायची, एक संक्रांतीला, आणि एखादी शिमगा आला तरी हिरवी ती हिरवीच. सगळ्या एकाच खोडावर, एकाच मुळाचं पाणी पिऊन.

ते कसं झालं तेही सांगतो. पूर्वी त्या गावच्या प्रत्येक बांधावर एखादी बोर असायची, आणि एका बांधाची चव दुसऱ्या बांधाला नसायची. बोराची आठळी पेरली तर आईसारखं झाड येईल असा भरवसा नाही, काहीतरी तिसरंच उगवतं. त्यामुळं एखादी बोर तोडली की ती चव संपली. पुढं कांदा आला, डाळिंब आलं, जेसीबी आला आणि बांध कोरले जाऊ लागले. कुणाच्या बांधावर जेसीबी लागणार असं कानावर आलं की इवाई तिथं हजर. काडी कापायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, टोपीखाली ठेवायची, घरी येऊन त्या काडीवरचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, आपल्या झाडाच्या सालीत चीर देऊन बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. जीव धरला तर तिथून पुढं ती फांदी त्या बांधावरच्या बोरीची. डोळा पावसाळ्यातच चांगला लागतो आणि जेसीबी येतो उन्हाळ्यात. एकदा तर "पाऊस पडूस्तवर थांब" म्हणून हे जेसीबीच्या बकेटमध्येच जाऊन बसले. ड्रायव्हरनं विनवलं, चहा पाजला. यांनी चहा घेतला आणि पुन्हा तिथंच बसले. शेवटी बांधाच्या मालकानंच कंटाळून काम पावसावर ढकललं. अशा रीतीनं शिवारातल्या बोरी एकेक करत गेल्या, आणि जेवढ्या राहिल्या तेवढ्या या एका झाडावर राहिल्या. दुसरीकडं कुठं त्यातली एकही उरली नाही. हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या झाडाला ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. स्वतःच्या मुलाचासुद्धा नाही.

फांद्यांना त्यांनी नावं ठेवली होती, आणि नावं माणसांची. 'मेव्हणी' म्हणजे लाल गालाचं, बघताच तोंडात टाकावं असं, आणि चावलं की कानशिलापर्यंत आंबट. 'पुढारी' सगळ्यांत मोठं, चकचकीत, तोंड भरून जायचं आणि चव काहीच नाही. 'तलाठी' वरून झकास, पण आत काय निघेल ते फोडल्याशिवाय सांगता यायचं नाही. 'म्हातारी' झाडावरच सुरकुतायची आणि सुरकुतल्यावर गुळाच्या खड्यासारखी लागायची. ती त्यांच्या आईच्या बांधावरची, ती ते कुणाला तोडू देत नसत, स्वतः तोडून हातावर ठेवत. आणि एका फांदीचं नाव 'इवाई' आहे, असं एकदा त्यांच्या तोंडून निसटलं. "कोणती ती?" मी विचारलं. "वळखा." मी प्रत्येक फेरीला ओळखत राहिलो. पुढारी तर नाही ना, ही माझी मुख्य काळजी. दोन-तीनदा विचारल्यावर मी विचारायचं सोडून दिलं. माझंही काही नाव आहे श्रीगोंद्यात. पण झाडाखाली बसलो की नजर वर जायचीच.

नातवाच्या बोरन्हाणाला त्यांनी आमच्याकडं जो घोळ घातला तो आमच्या गल्लीतल्या बायका अजून सांगतात. संक्रांतीच्या सुमाराला लहान पोराला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे म्हणजे तुकडे ओततात आणि बाकीची पोरं ते वेचतात, एवढाच तो कार्यक्रम. ऊस माझा, बोरं त्यांची. त्यांनी प्रत्येक फांदीची बोरं वेगळ्या पुडीत आणली होती आणि त्यांचं म्हणणं असं की पुड्या एकेक करून ओताव्यात, पोराला फरक कळला पाहिजे. पोर वर्षाचं. बायकांनी सगळ्या पुड्या सुपात उलट्या केल्या, चुरमुऱ्यात कालवल्या आणि ओतल्या. पोरं तुटून पडली. मग हा माणूस, फेट्यासकट, पोरांच्या घोळक्यात गुडघ्यांवर बसला आणि बोरं निवडायला लागला. "आरं ती मेव्हणी खाऊ नगं, आंबट हाय. मेव्हणी थुकून टाक." त्यांची खरी मेव्हणी तिथंच हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी. ती शांतपणे म्हणाली, "दाजी, इतकी वर्सं ह्येच सांगत फिरला का गावभर?" इवाई वर न बघता म्हणाले, "तुमचं न्हाई म्हनत. तुमच्यापरीस बरी हाय ती." मेव्हणीनं सगळं कुंकू त्यांच्या कपाळावर उपडं केलं. त्या अवतारात ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि पाटाभोवतीच्या करव्यांकडं बोट दाखवून म्हणाले, "तुमचा ऊस कुनी निवडाया बसलं न्हाई, इवाई." मी म्हणालो, "निवडायची गरजच न्हाई. समदा गोड हाय." "त्येच म्हनतोय," ते म्हणाले.

मी त्यांच्या गावी जायचो ते बहुतेक थंडीत. ते झाडाखाली काम करत असायचे. काम काढायच्या आधी सदरा काढायचा, खालच्या एका फांदीला अडकवायचा आणि नुसत्या बंडीवर झाडावर चढायचं, ही त्यांची पद्धत. सदऱ्याच्या खिशात तंबाखू, चुना, एसटीचा पास, सगळं घर. वरून मला खाली बसवून बोरं टाकायची आणि विचारायचं, "सांगा, कोण?" मी उसातला माणूस. मला गोड आणि आंबट यापलीकडं कळायचं नाही, पण ते मी कबूल करायचो नाही. ठोकून द्यायचो. "तलाठी." वरून उत्तर यायचं, "पोरगा तुमच्यावर गेलाय."

गेल्या काही वर्षांत त्यांना मोतीबिंदू झाला. हे त्यांच्याशिवाय सगळ्या गावाला दिसत होतं. कांद्याच्या गोणीला रामराम घालायचे. एकदा एसटी समजून दुधाच्या टेम्पोला हात केला आणि त्यातच बसून पारनेरला गेले, वर मला सांगितलं, "यष्टीपरीस बरं पडलं. वाटंत दूध बी मिळालं." त्यांचा मुलगा नगरला डोळ्यांच्या शिबिरात न्यायला तयार, मी बरोबर जायला तयार, पण हे हलायला तयार नाहीत. डोळ्यात परकं भिंग घालायचं, हे त्यांना पटेना. आमच्या इहीणबाई, म्हणजे त्यांची बायको, तशा कमी बोलणाऱ्या. त्या चुलीपाशी बसल्याबसल्या म्हणाल्या, "झाडाला गावभरचं परकं चालतंय. तुमाला एक भिंग चालंना व्हय?" इवाई म्हणाले, "झाडाला कुटं इचारलं व्हतं म्यां."

गेल्या चैत्रात छाटणीच्या आधी मी गेलो होतो. बोरीच्या फांद्या दरवर्षी उन्हाळ्यात कापतात, पावसात तिथून नवी फूट येते. साध्या झाडाला कुठं कापलं तरी फार बिघडत नाही. पण या झाडाला जोडाच्या वर, म्हणजे डोळा बसवल्याची गाठ असते तिच्या वर, कापायला पाहिजे. जोडाच्या खाली कापलं की आणलेली बोर गेली, आणि तिथून खालची रानबोरच फुटणार. मी म्हणालो, "इवाई, जोडाच्या वर एकेक लाल चिंधी बांधा. पोराला दावून ठिवा. त्यो छाटील."

"चिंधी कशाला?"

"खूण म्हनून."

"खूण परक्या मानसाला लागती. ह्ये जोड म्या बांधल्यात. बोट लावलं की कळतंय."

"दिसत न्हाई तुमाला, इवाई."

त्यांनी माझ्याकडं तोंड केलं, म्हणजे माझ्या जरा डावीकडं. "दिसत न्हाई म्हनता, मंग तुमचं त्वांड मला इतकं वाईट कसं दिसतंय?"

इहीणबाई हसल्या, मीही हसलो, आणि त्या हसण्यात विषय संपला. तो तिथं संपला याचं वाईट मला अजून वाटतं.

चार-आठ दिवसांनी मुलगा बाजाराला गेलेला बघून त्यांनी करवत घेतली आणि एकट्यांनी झाड छाटलं. त्यांच्या बोटांना मी बोल लावणार नाही. बोटांनी गाठ शोधली आणि गाठीच्या वर कापलं. पण झाडही म्हातारं झालं होतं. जुन्या कापांच्या, किडीच्या, दोर घासून झालेल्या गाठी त्याच्या अंगभर आल्या होत्या. जोडाच्या खालीसुद्धा. बोटांना गाठ बरोबर सापडली, फक्त ती जोडाची नव्हती. मुलगा संध्याकाळी आला, त्यानं खाली पडलेला ढीग बघितला, ढिगातल्या बुडख्यांवर ते जोड बघितले, आणि बापाला काही न बोलता ढीग कुंपणाला ओढून टाकला. हे मला त्यानं नंतर सांगितलं.

श्रावणात इहीणबाईंचा फोन आला. त्या फोन करणाऱ्यातल्या नव्हेत. "येऊन जावा. जेवत्यात, झोपत्यात, पन बोलत न्हाईत." मी गेलो. झाड तर असं फुटलं होतं की बघत राहावं, हिरवंगार, दाट. इवाई खाली बसलेले. रामराम झाला. त्यांनी हात वर करून एक पान तोडलं, माझ्या हातात दिलं. मग दुसऱ्या बाजूचं तोडलं, तेही दिलं. मग उठून पलीकडून एक आणलं. "बघा."

"पानंच हायती की."

"समदी सारखी लागत्यात." ते पुन्हा खाली बसले. "माझ्या झाडाचा ऊस झाला, इवाई."

एरवी उसाला कुणी नाव ठेवलं तर मी सोडत नाही. उत्तर तोंडात तयार असतं. त्या दिवशी सोडलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पाऊस हाय. डोळे बसवायचे दिस हायती. उठा, काड्या आनू."

"कुटनं?"

मी शिवाराकडं बघितलं. पार टेकडीपर्यंत डाळिंबं, एका उंचीची, एका रांगेत, आणि मधे एकही बांध नाही ज्यावर काही उभं असेल.

पाऊस उघडला. ऊन पडलं, उकडायला लागलं. इवायांनी सवयीनं सदरा काढला आणि न बघता हात लांब करून खालच्या फांदीला अडकवला. सदरा अडकला. ते तसेच हात धरून थांबले. मग हळूहळू सदऱ्याच्या पाठीमागं हात नेऊन फांदी चाचपली, काट्यावर अंगठा ठेवला, एक पान उलटं करून गालाला लावलं. "लव हाय," म्हणाले. ही फांदी खालची. छाटणीच्या दिवशीही तिच्यावर सदरा होता, म्हणून तिच्याकडं करवत गेलीच नाही.

"कोणती राहिली ही?" मी विचारलं.

"तुमी."

मला आधी समजलंच नाही. "म्हंजी ही इवाई?"

"व्हय."

इतकी वर्षं वर बघत होतो आणि फांदी माझ्या कानापाशी होती. "बोर कसं असतंय हिचं?"

"जाड सालीचं. आठळी मोठी. शिमग्यापातुर आंबट. पोरं बी खात न्हाईत."

पुढाऱ्याची काळजी करत होतो, त्यापेक्षा हे वाईट निघालं. "मंग ठिवली कशाला इतकी वर्सं?"

"सदरा अडकवाया." त्यांनी सदऱ्यावरून हात फिरवला. "आकडी काटा हाय. कसलाबी वारा सुटू द्या, अडकवल्यालं पडू देत न्हाई. पोरगी तुमच्या घरात दिली, तवाच हिला तुमचं नाव ठिवलं."

मी सदऱ्याची बाही उगाच नीट केली. ते लगेच नेहमीच्या सुरात म्हणाले, "गोड गोड समदी गेली बघा. तुमीच राहिला."

दिवाळी झाल्यावर ते गेले. आजारी नाही, काही नाही. सकाळी उठलेच नाहीत. सून माहेरी राहिली, तेराव्यानंतर परत आली. संक्रांतीला आमच्याकडं धाकट्या नातीचं बोरन्हाण झालं. बोरं बाजारातून आणली, मोठी, हिरवी, एका मापाची. कुणी निवडायला बसलं नाही. मी एक तोंडात टाकलं आणि सवयीनं ओळखायला लागलो, मग थुंकून टाकलं.

शिमगा झाल्यावर मी पारनेरची गाडी धरली. त्या फांदीवर बोरं होती थोडी, उरलेली, तांबूस. सांगितल्यासारखंच जाड सालीचं, आठळी मोठी. मला आता दात नाहीत, त्यामुळं चावता येईना. मी ते गालात धरून ठेवलं. पहिल्यांदा साल कडवट लागली. मग आंबट. मला वाटलं, झालं, एवढंच. पण आठळीपाशी, अगदी शेवटी, काहीतरी होतं. गोड म्हणता येणार नाही. उसाची गोडी मला कळते, ही ती नव्हती. इवाई वर बसलेले असते आणि "सांगा, कोण?" म्हणाले असते, तर एकदा तरी बरोबर उत्तर देता आलं असतं.

छाटणीचे दिवस जवळ आले होते. मी इहीणबाईंना म्हणालो, एक जुनं फडकं द्या. त्या आत गेल्या आणि सदराच घेऊन आल्या, धुतलेला, घडी घातलेला. झाडाखाली जाऊन मी तो त्या फांदीवर टाकला आणि जोडाच्या वर दोन्ही बाह्यांची गाठ मारली. इवायांचा मुलगा बांधावरून बघत होता. म्हणाला, "मामा, मला ठावं हाय ती फांदी. खूण कशाला?" बोलला तेव्हा हुबेहूब बाप.

"तुला नसंल लागत," मी म्हणालो. "मला लागती."

परतीची गाडी फाट्यावर मिळते. फाटा उंचावर आहे, तिथून घर दिसतं, घरामागचं झाड दिसतं. वारा सुटला होता. सदरा फुगत होता, पडत होता, पण सुटत नव्हता. एवढ्या लांबून बघितलं तर वाटावं, कुणीतरी सदरा काढून अडकवलाय आणि वर चढलाय. आत्ता खाली बोर टाकील. गाडी आली तेव्हा मला हलवायला कंडक्टरला दोनदा हाक मारावी लागली.